कॉलेजातला भेदभाव-निवारण अधिकारी
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



समितीने आम्हांला ‘शिक्षण आणि आपला समाज’ असा विषय दिला होता. विषय एवढा मोठा आहे की त्यावर दोन तास बोलता येतं आणि घरी जाताना कुणाच्या हाती काही लागत नाही. आमचं शिक्षण नववीपर्यंत. पुढचं जे काय झालं ते गिरणीच्या गेटवर आणि ह्या विहाराच्या वाचनालयात. म्हणून आम्ही आज एकाच माणसाबद्दल बोलणार आहोत. हा माणूस प्रत्येक विद्यापीठात आणि प्रत्येक कॉलेजात असलाच पाहिजे असा नियम आहे, पण आपल्या वस्तीत तो कुणाला ठाऊक नाही. त्याचं नाव अँटी डिस्क्रिमिनेशन ऑफिसर, म्हणजे भेदभाव-निवारण अधिकारी.

आधी गिरणीचं सांगतो, कारण आम्हांला जे समजतं ते तिथूनच समजतं. आमचे आजोबा रिंग खात्यात होते. साळखात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्याला घेत नसत. का, तर कांडीवरचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावं लागे आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याला वापरावा लागे. गेटवर पाटी नव्हती की अमक्या जातीला मज्जाव आहे. मालक म्हणे, आमची हरकत नाही, विणकर ऐकत नाहीत. विणकर म्हणत, आम्ही कोण ठरवणारे? १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडली, की तुमच्या मागण्यांत आमच्या माणसांना साळखातं खुलं करायची मागणी कुठे आहे? आजोबांच्या आयुष्यात तक्रार कुठे करायची हा प्रश्नच सुटला नाही. तक्रार ऐकणारी खुर्चीच नव्हती.

आम्ही १९९० साली बदली कामगार म्हणून लागलो तेव्हा लेबर ऑफिसरची खुर्ची होती. तिच्यावर बसणाऱ्याचा पगार मालकाकडून यायचा आणि काम मात्र कामगाराचं ऐकायचं. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे आम्ही धक्के खाऊन शिकलो. कॉलेजातला हा अधिकारी थोडाफार तसाच आहे हे मनात धरून पुढचं ऐका.

नियम आला २०१२ साली. विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांमध्ये समता वाढवण्यासाठी विनियम काढले. तो काही आकाशातून पडला नाही. २००६ साली दिल्लीच्या एम्स ह्या मोठ्या वैद्यकीय संस्थेतल्या अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांच्या तक्रारींवरून प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, २००७ मध्ये तिचा अहवाल आला. वर्गात, तोंडी परीक्षेत, वसतिगृहात, मेसमध्ये काय चालतं ते त्या अहवालाने कागदावर आणलं. डॉक्टर होणारी पोरं आणि त्यांची ही दशा. आपल्याला वाटत होतं की पोरगं एकदा वर पोचलं की सुटलं. वर पोचल्यावर जात आणखी बारीक होते, सुईसारखी. टोचते पण दिसत नाही.

त्या २०१२ च्या नियमात आम्हांला सर्वांत आवडलं ते हे, की ‘भेदभाव करू नका’ एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. भेदभाव म्हणजे काय काय, ते एकेक करून लिहिलं आहे. वर्गात जातीचं नाव पुकारणं. ‘हे रिझर्व्हेशनवाले’ असा शिक्का मारणं. मुलगा मागे पडला तर त्याच्या जातीकडे बोट दाखवून बोलणं. वर्गात वेगळं बसवणं. वसतिगृहात, मेसमध्ये, वाचनकक्षात, मैदानावर वेगळं पाडणं. मार्क देताना दुजाभाव करणं. शिष्यवृत्ती अडवणं. फीसाठी दाखले दाबून ठेवणं. आमची पोरं घरी येऊन जे सांगतात आणि आपण ‘जाऊ दे, तू अभ्यासाकडे लक्ष दे’ म्हणून गप्प बसवतो, ते सगळं त्यात आहे.

प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष पाहिजे आणि त्यावर हा अधिकारी पाहिजे. विद्यापीठात तो प्राध्यापकाच्या दर्जाखालचा नको, कॉलेजात सहयोगी प्राध्यापकाच्या दर्जाखालचा नको. शिपायाला खुर्चीत बसवून मोकळं होता येत नाही. तक्रारीचा निकाल साठ दिवसांत लावायचा. निकाल पटला नाही तर संस्थेच्या प्रमुखाकडे अपील. एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. ह्याच वस्तीतली मुलगी आहे, नाव सांगणार नाही, कॉलेजचंही नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिची आई एका संध्याकाळी आमच्याकडे आली. म्हणाली, “भाऊ, पोरगी पंधरा दिवस झाले कालिजात जाईना. पोट दुखतंय म्हणते. डॉक्टर म्हणतो काही नाही.” आम्ही जाऊन बसलो. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. तासाभराने बोलली. प्रॅक्टिकलला एक सर ‘फ्रीशिपवाले एका बाजूला’ म्हणून गट पाडायचे. आठ पोरं एका मोडक्या यंत्रावर, बाकीची चांगल्यावर. आणि तोंडी परीक्षेत तिला म्हणाले, “तुमचं काय, तुम्हांला पस्तीसलाही नोकरी.” तिला बारावीला किती मार्क होते ते तुम्हा सर्वांना माहीत आहे, याच मंचावर तिचा सत्कार झाला होता.

वस्तीतल्या तरुणांचं म्हणणं पडलं की मोर्चा नेऊ, सरांच्या तोंडाला काळं फासू. आम्ही त्यांच्या रागाला नावं ठेवत नाही, त्या वयात आम्हीही तसेच होतो. पण मोर्चा संध्याकाळी घरी येतो आणि मुलीला सकाळी त्याच वर्गात जावं लागतं. म्हणून आम्ही आधी कागदाचा मार्ग धरला.

कॉलेजच्या ऑफिसात विचारलं, भेदभाव-निवारण अधिकारी कोण? बाई म्हणाल्या, “काका, असं काही आपल्याकडे नाही.” मग म्हणाल्या, “समान संधी केंद्र आहे, तिकडे जा.” तिकडे गेलो तर ते समाजकल्याण खात्याने सुरू केलेलं केंद्र. शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणी असलं मार्गदर्शन तिथे मिळतं. ते चांगलं काम आहे, पण ते वेगळं. नावं सारखी असल्याने आपला माणूस तिथूनच परत फिरतो. हे दोन्ही वेगळे आहेत हे ध्यानात ठेवा. शेवटी जिन्याखाली एका कपाटामागे अर्धवट झाकलेला फलक सापडला. समित्यांची नावं, त्यात सातव्या ओळीवर आमचा अधिकारी. आणि कोण? ज्या सरांची तक्रार, त्यांच्याच विभागाचे प्रमुख!

अर्ज लिहायला बसलो. इथे आमची एक फजिती सांगायला हरकत नाही. आम्ही चार पानं लिहिली. मनुस्मृतीपासून सुरुवात करून पेशवाई, मग घटनेचं १५ वं आणि १७ वं कलम, सगळं घातलं. अभिमानाने मुलीला वाचून दाखवलं. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, “काका, छान आहे, पण सर काय बोलले ते ह्यात कुठंच नाही.” मग तिनेच पेन घेतलं. तारीख, वार, कुठली लॅब, सर कोणते शब्द बोलले, जवळ कोण उभं होतं. दीड पानात झालं. गिरणीत जॉबरने गैरहजेरी मांडली तर आम्हीही असंच लिहून ठेवायचो, कुठली पाळी, कितवा साचा, शेजारी कोण. स्वतःच शिकलेली गोष्ट विसरलो होतो.

अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. बाईंनी दोनदा सांगितलं, ठेवून जा. आम्ही म्हणालो, “मॅडम, आम्हांला घाई नाही, बसतो.” साठ दिवस मोजायचे तर पहिला दिवस कुठला, हे त्या शिक्क्यावरून ठरतं. त्याच अर्जात शेवटी लिहिलं की चौकशी करणारे सर त्याच विभागाचे आहेत, तेव्हा दुसऱ्या विभागाचा एक तरी सदस्य सोबत घ्यावा. प्राचार्यांनी ते मान्य केलं. मागितलं नसतं तर मिळालं नसतं.

तीन बैठका झाल्या. त्या आठ पोरांपैकी दोघांनी माघार घेतली. आम्ही त्यांना दोष देत नाही, इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात. पण चांगल्या यंत्रावरचा एक मुलगा, आपल्या समाजाचा नव्हे, उठून म्हणाला, “हो, दोन बाजू करायचे, मी पाहिलं आहे.” त्या एका वाक्याने पारडं फिरलं.

सत्तावन्नाव्या दिवशी लेखी निकाल आला. गट हजेरी क्रमांकाने पाडावेत. सरांना लेखी समज. मुलीची तोंडी परीक्षा दुसऱ्या परीक्षकाने परत घ्यावी. पण ‘जातीच्या हेतूने केले असे दिसून येत नाही’ हे वाक्यही त्यात होतं. ते वाक्य आम्हांला आजही सलतं. आम्ही म्हणालो, अपील करू. तरुण मंडळी म्हणाली, ॲट्रॉसिटी लावू. १९८९ चा तो कायदा आपला आहे, आणि ह्या अधिकाऱ्याकडे गेलं म्हणून पोलिसांकडे जायचा हक्क जात नाही, हेही नीट समजून घ्या. पण मुलगी म्हणाली, “काका, मला आता लॅबला जायचंय.” निर्णय तिचा. ह्यात आम्ही बरोबर केलं की चूक, यावर आमच्या घरातसुद्धा एकमत नाही. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, तुम्ही सरांना स्वस्तात सोडलं.

ह्या अधिकाऱ्याचं दुखणं काय ते दिसलंच. त्याला संस्थाच नेमते आणि तो संस्थेतलाच शिक्षक असतो. ज्याच्यासोबत रोज चहा घ्यायचा, त्याचीच चौकशी करायची. नियम होऊन चार वर्षं झाली नाहीत तोच १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. जळगाव जिल्ह्यातली, आदिवासी तडवी समाजातली, स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायला निघालेली. त्या दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, की तुमचे हे नियम कागदावर आहेत, ते चालू करा. पोटचं लेकरू गेलेल्या दोन बायांनी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी दावा लावला. माता-भगिनींनो, ही नावं आपल्या घरात माहीत असली पाहिजेत.

त्या दाव्याच्या रेट्याने आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदा काढला आणि जानेवारी २०२६ मध्ये नवे नियम जाहीर केले. त्यात इतर मागासवर्गीयांनाही स्पष्ट जागा दिली होती. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चे नियम चालू ठेवायला सांगितलं. म्हणून आम्ही आज तुम्हांला २०१२ चेच सांगितले.

परदेशात असे अधिकारी फार आधीपासून आहेत. अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा काळ्या लोकांच्या लढ्यातून आला. पण त्यात ‘जात’ हा शब्द नव्हता, आणि आपली माणसं तिथे गेली तशी जातही विमानाने गेली. मग २०१९ मध्ये ब्रँडाईस विद्यापीठाने आणि २०२२ मध्ये तेवीस ठिकाणी पसरलेल्या कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने भेदभावाच्या यादीत जात हा शब्द घातला. आपल्या विहाराशी जोडलेल्या दोन घरांतली मुलं तिकडे शिकत आहेत. त्यांच्या आई-वडिलांनी फोनवर ‘जेवलास का’ विचारून झालं की हेही सांगावं.

आता कामाचं. आपल्या वस्तीतली पंचवीस-तीस मुलं-मुली आज कॉलेजात आहेत. प्रत्येकाने आपल्या कॉलेजातल्या ह्या अधिकाऱ्याचं नाव आणि त्याची खोली कुठली, हे एका कागदावर लिहून आणायचं आहे. ज्यांच्या कॉलेजात नेमलेलाच नाही त्यांनी तसं लिहावं, त्या कॉलेजांना समितीच्या लेटरहेडवर पत्र जाईल. वाचनालयात दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही बसतो. त्या दीड पानी अर्जाची प्रत, नाव-गाव खोडून, तिथे फाईलला लावली आहे. चार पानी अर्जही ठेवला आहे, हसायला.

ती मुलगी आज इथे नाही. तिचा उद्या शेवटच्या सेमिस्टरचा पेपर आहे, म्हणून आम्हीच तिला येऊ नको म्हणून सांगितलं. तिची आई पुढच्या ओळीत बसली आहे.

जय भीम!