अंगावर काय उठले, ते नीट सांगा



दवाखान्यात गेलो की आपण म्हणतो, "डॉक्टर, अंगावर कायतरी उठलंय बघा." आता हे 'कायतरी' म्हणजे काय? आपल्या बोलीत प्रत्येकाला निराळा शब्द आहे. तो वापरावा.

नुसता रंग बदलतो, तो डाग किंवा चट्टा. बारीक बारीक उठते, ते पुरळ. पाणी धरतो, तो फोड. पू धरून ठणकते, ते गळू. एकदम उठतात, खाजतात आणि काही तासांत जिरतात, त्या गांधी. यालाच आपण पित्त उठले म्हणतो.

बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, रात्री जास्त, आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर ती बहुधा खरूज. तिचा किडा डोळ्यांना दिसत नाही. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावे लागते.

गोल चट्टा कडेने वाढतो, मध्ये निवळतो, तो नायटा. ही बुरशी. दुकानातून कसलेही मलम आणू नका. पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, पण नायटा पसरतच राहतो.

पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरीकडे रोपलावण करणाऱ्यांना चिखल्या होतात. पाय कोरडे ठेवा, हे सांगणे सोपे. चिखलात राबणाऱ्याने ते करावे कसे? निदान घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या पुसाव्यात.

आता खरी गोष्ट. जो चट्टा खाजत नाही, दुखत नाही, त्याच्याकडे आपण बघत नाही. लग्नाची मुलगी असली, तर घरचे तो पदराखाली झाकतात. पण चट्टा दुधासारखा पांढरा असेल आणि तिथे हात लावलेला कळत असेल, तर ते बहुधा कोड. ते कोणाला लागत नाही. चट्टा फिकट किंवा लालसर असेल, तर माणसाला डोळे मिटायला सांगा. कापसाचे टोक चट्ट्याला लावा. कळले नाही, तर तो चट्टा बधिर आहे. हा कुष्ठरोग असू शकतो.

घाबरू नका. हा पापाचा रोग नव्हे. त्याचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ सालीच शोधला. आज त्यावर सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्या आहेत. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. रोग बरा होतो. उशीर केला, तर मात्र शिरा मरतात, बोटे वाकडी होतात, आणि ती बोटे गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

म्हणून आधी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात जा. तिथून कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात पाठवले, तर तिथेही जा. डॉक्टरांना सांगा: चट्टा कधी आला, खाजतो का, बधिर आहे का, घरात आणखी कोणाला आहे का. आजवर काय काय लावले, तेही सांगा. मलमाची नळी घरात असेल, तर बरोबर घ्या.