व्यसनमुक्ताची सोबत

उमरग्याचा किंवा परंड्याचा एखादा मद्यपी उपचार घेऊन घरीं परततो. शरीर सावरलेलें असतें. परंतु सायंकाळ तीच, वाट तीच आणि मित्रही तेच. अशा वेळीं त्याला उपदेशक नको असतो, समदुःखी हवा असतो.

१९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं बिल विल्सन हा नुकताच दारू सोडलेला गृहस्थ व्यवहारांत अपयश येऊन एकटा पडला. पुन्हां पेल्याकडे हात जाईल या भयानें त्यानें दूरध्वनीवरून दुसऱ्या मद्यपीचा शोध मांडला. डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. त्या भेटींतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ हा संघ उदयास आला. तेथें सक्तीची वर्गणी नाहीं. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं स्थापिलेलें ‘मुक्तांगण’ही उपचारानंतरच्या भेटींस महत्त्व देतें.

धाराशिव जिल्ह्यांतील कुटुंबानें अशा सभेची चौकशी १४४४६ या विनामूल्य राष्ट्रीय क्रमांकावर किंवा सरकारी रुग्णालयांत करावी. दीर्घकाळ पिणाऱ्यानें मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून दारू एकाएकीं बंद करूं नये. कंप, झटके व भ्रम प्राणांवर बेतूं शकतात. जवळपास सभा नसलीच, तर? त्या संघाच्या परंपरेप्रमाणें दोन-तीन निश्चयी माणसें एकत्र बसलीं तरी सभा होते. विल्सननें शोधला होता, तोही एकच माणूस.