प्रकाशाचा काटा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळवला तो निराळाच : द्रवात विरघळलेला पदार्थ प्रकाशाने कसा मोजतात. त्यावर एका स्नेह्याने विचारले, "तुमचा आणि प्रयोगशाळेचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकांत झाले. परंतु ज्याची सारी उमर वजन, माप आणि हिशेब यांवर भांडण्यात गेली, त्याला मापाचे शास्त्र परके राहत नाही.

आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळी झाली की गावेच्या गावे रिकामी होतात. नवराबायको मिळून एक कोयता, अनेक कोयत्यांची एक टोळी, टोळीवर मुकादम, आणि सगळ्यांच्या डोक्यावर उचल. कारखान्याचा पट्टा पडला की ही माणसे परत येतात. त्यांनी तोडलेला ऊस काट्यावर तोलला जातो. त्याच उसाच्या साखरेचा रंग प्रयोगशाळेत प्रकाशाने मोजला जातो. मग ज्या शरीराने तो ऊस तोडला, त्याच्या रक्ताचे माप कोणी घ्यायचे? ते मापही त्याच प्रकाशाने घेता येते, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

आधी शास्त्र समजून घेऊ. काचेच्या पेल्यात गुळाचे पाणी घ्या. बाजूने पाहिले तर ते फिके दिसते, वरून तळाकडे पाहिले तर गडद दिसते. पाणी तेच, पण दुसऱ्या वेळी प्रकाशाला अधिक लांबीचा रस्ता तुडवावा लागतो. ही गोष्ट १७२९ साली बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने नियमात बसवली आणि १७६० साली लाम्बर्टने ती गणिताने मांडली. आता त्याच पेल्यात तितकेच साधे पाणी ओता. बाजूने रंग फिका होईल. पण वरून पाहिलेत तर पहिल्याइतकाच दिसेल, कारण गूळ निम्म्याने विरळ झाला आणि खोली दुप्पट झाली. रस्त्याची लांबी आणि द्रावणाची दाटी यांचे असे नाते आहे, हे १८५२ साली बेअर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले. म्हणून या नियमाला बेअर-लाम्बर्टचा नियम म्हणतात.

यातली खुबी अशी की, द्रवाचा प्रत्येक थर प्रकाशाचा ठरावीक हिस्सा खातो, ठरावीक रक्कम नव्हे. पहिल्या सेंटिमीटरने निम्मा प्रकाश खाल्ला, तर दुसरा उरलेल्याचा निम्मा खातो, तिसरा त्याच्याही उरलेल्याचा निम्मा. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, पंचविसाचे साडेबारा. या आकड्यांचे लॉगॅरिथम घेतले म्हणजे सरळ चढती शिडी मिळते : ०.३०, ०.६०, ०.९०. यालाच शोषणाचे माप म्हणतात. पदार्थ दुप्पट, तर हे माप दुप्पट. एवढ्या एका वाक्यावर सारी पद्धत उभी आहे.

प्रकाश कोणता घ्यायचा, हा पुढचा प्रश्न. आपल्याला वस्तूचा जो रंग दिसतो, तो तिने खाऊन उरलेला प्रकाश. तांबडे द्रावण हिरवा प्रकाश खाते, पिवळसर द्रावण निळा-जांभळा खाते. म्हणून मोजताना जो प्रकाश ते द्रावण खाते, तोच त्याला द्यायचा. प्रकाशाच्या जाती तरंगलांबीने सांगतात, आणि ती नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जांशात मोजतात.

यंत्रही समजायला अवघड नाही. एका बाजूला दिवा, त्यापुढे हवा तोच रंग निवडणारी काच किंवा जाळी, मग द्रावणाची नळी, आणि पलीकडे प्रकाश मोजणारा विजेचा डोळा. मात्र आधी नळीत पदार्थ नसलेले कोरे द्रावण ठेवून शून्य लावून घ्यावे लागते. ऊस वाहणाऱ्यांना हे सांगायला नको. भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची आणि वजाबाकी करायची. कोरी नळी ही प्रकाशाच्या काट्यावरची रिकामी गाडी होय. नंतर ज्यांची दाटी आधीच ठाऊक आहे अशी द्रावणे ठेवून यंत्राची परीक्षा घ्यायची. ती प्रमाणित वजने. नळीवर बोटांचे डाग असले, द्रावण गढूळ असले किंवा फारच दाट असले, तर हा काटाही चुकीचे बोलतो. काटा लोखंडाचा असो की प्रकाशाचा, तो तपासून घेण्याचा हक्क सोडू नये.

आता साखरेकडे या. साखर पाण्यात विरघळवून गाळतात आणि तिच्यातून ४२० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश सोडतात. जितका पिवळेपणा, तितके शोषण अधिक. यावरून जो आकडा निघतो त्याला इकुम्सा म्हणतात. शुद्धीकरण केलेल्या साखरेचा आकडा ४५ किंवा त्याहून कमी, आपल्याकडच्या नेहमीच्या पांढऱ्या साखरेचा साधारण १०० ते १५०. जगाच्या बाजारात या आकड्यावर सौदे होतात. ही दक्षता योग्यच आहे. माझी तिच्याबद्दल तक्रार नाही.

रक्ताचेही असेच आहे. रक्ताचा तांबडेपणा हिमोग्लोबिनमुळे, आणि फुप्फुसातला प्राणवायू स्नायूंपर्यंत वाहून नेणारा हमाल तोच. पूर्वी सरसकट वापरली जाणारी साहली पद्धत अशी : बोटातून थेंबभर रक्त घ्यायचे, सौम्य आम्लात मिसळायचे, ते तपकिरी झाले की थेंबथेंब पाणी घालून काचेच्या नमुन्याशी रंग जुळवायचा. जुळवणारा डोळा माणसाचा; दोन डोळ्यांत फरक पडतो, उजेड बदलला तरी पडतो. त्याहून भरवशाची रीत म्हणजे रक्ताला एका रासायनिक द्रावणाने स्थिर रंग आणून ५४० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाने मोजणे. अलीकडे हातात मावणारी यंत्रे आली आहेत. एक थेंब आणि मिनिटभर वेळ पुरतो. मात्र थेंबासाठी बोट फार दाबले तर त्यात अंगातले पाणी मिसळते आणि आकडा बिघडतो.

स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर तिला रक्तक्षय आहे असे मानतात. गरोदरपणी ही मर्यादा ११, पुरुषांना १३. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. यांत घरी विसावा घेऊ शकणाऱ्याही आल्या. पहाटे फडात उतरून डोक्यावर मोळी वाहणारीही आली.

येथे एका गैरसमजाविषयी बोलले पाहिजे. करोनाच्या साथीत बोटाला लावायचे यंत्र घराघरांत आले. १९७४ साली आओयागी या जपानी संशोधकाच्या कल्पनेतून ते निघाले. त्यात तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश असतात. ते सांगते एवढेच की, असलेल्या हमालांपैकी किती जणांच्या पाठीवर ओझे आहे; हमाल किती आहेत हे ते सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते. बारा ग्रॅमवाली स्त्री १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १६ मिलिलिटर वाहून नेईल, सात ग्रॅमवाली सुमारे ९. आणि यंत्र दोघींनाही ९८ दाखवील! तेव्हा मुकादमाने बोटाला चिमटा लावून "ठणठणीत आहेस, चल" म्हटले, तर ती तपासणी झाली असे कोणी समजू नये.

२०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे आपल्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. या आकड्यामागे खाड्याचा दंड आहे, कोपीत नसलेले न्हाणीघर आहे, भीती घालणारा सल्ला आहे. प्रकाशाचे यंत्र ही दुखणी बरी करणार नाही. रक्त का कमी झाले, हेही ते सांगत नाही. पण रक्तस्रावाची तक्रार घेऊन आलेल्या बाईचे हिमोग्लोबिन किती, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारला जावा, आणि उत्तर तिला मराठीत, कागदावर मिळावे, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

म्हणून माझे मागणे तीन कलमांचे. हंगामाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, असे दोनदा प्रत्येक कोयत्याचे रक्त मोजले जावे. दोन्ही आकडे कामगाराच्या हातातील पत्रावर लिहिले जावेत, कारण एक आकडा प्रकृती सांगतो आणि दोन आकडे मिळून हंगामाने काय नेले ते सांगतात. तिसरे असे की, आकडा कमी निघाला म्हणून तिची उचल किंवा काम तोडले जाऊ नये, उपचार व्हावा. ही अट नसेल तर कामगार बोट पुढे करणार नाही, आणि तसे केल्यास मी त्याला दोष देणार नाही.

विद्वानांपुढे शास्त्र सांगण्याचे धाडस मी केले. पण प्रकाश ही कोणाच्या मालकीची वस्तू नाही, आणि त्याचे गणित निम्म्याचे निम्मे करता येणाऱ्या कोणालाही कळते. ज्या घरी या आठवड्यात टोळीतून माणसे परतली असतील, तिथे त्यांना एवढे विचारा : "रक्त तपासलेत का? आकडा किती आला?"