दमणचे आकडे आणि उंधेऱ्याची घरे



आपल्या सिल्वासात २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. तेथील विद्यार्थ्यांना औषधांचे गुण जसे शिकावे लागतात, तशीच त्या गुणांची पारखही शिकावी लागते. या पारखीला ‘पुराव्यावर आधारलेले वैद्यक’ हे नाव मिळाले ते १९९० नंतर, कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात. परंतु तिचा एक जुना धडा आपल्या शेजारी, दमणला, गिरवला गेला आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी दमणला साथ भडकली. तेथल्या एका भागातील ८,२३० रहिवाशांपैकी २,१९७ जणांनी लस घेतली. त्यांतील ३६ दगावले. न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ मरण पावले, म्हणजे जवळजवळ चारांत एक.

आता आणखी पुरावा कशाला, असे कोणीही म्हणेल. पण ‘अमक्याला या काढ्याने गुण आला’ हे ऐकताना जी शंका घ्यावी, तीच येथेही घेतली पाहिजे. लस घेण्यास पुढे कोण आले असतील? कदाचित हवेशीर घरांत राहणारे, पोटभर जेवणारे. आधीच तापाने अंथरूण धरलेला मनुष्य टोचून घ्यायला येत नाही. तो मेला की न टोचलेल्यांच्या खात्यात जमा होतो. मग श्रेय लशीचे किती आणि मुळातल्या फरकाचे किती?

म्हणून मला दमणपेक्षा उंधेरा अधिक मोलाचे वाटते. बडोद्याजवळच्या या खेड्यात फेब्रुवारी १८९८ मध्ये प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. एकच छप्पर, एकच चूल, उंदीरही तेच. पुढे प्लेग २८ घरांत शिरला. त्यांतील टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना तो झाला व ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना झाला व २६ दगावले. दमणच्या हजारांपुढे हे आकडे किरकोळ खरे, पण त्यांना बगल देणे फार कठीण.

ते २६ जण मात्र मनातून जात नाहीत. एकाच घरात एका भावाला लस मिळाली, दुसऱ्याला नाही. हाफकिन यांच्या हाती दमणचे आकडे होतेच. तरीही निम्म्यांना वगळावे का? मला वाटते, शंका खरी असेल तरच तसे करण्याचा अधिकार पोहोचतो. आज असा प्रयोग करावयाचा तर नीतिसमितीची परवानगी लागते. प्रत्येकाला समजेल अशा भाषेत सांगून त्याची संमती घ्यावी लागते. आणि मोठ्या प्रयोगांत तिऱ्हाईत तज्ज्ञ आकड्यांवर नजर ठेवतात. फरक निःसंशय दिसला, की ते प्रयोग मध्येच थांबवण्यास सांगू शकतात.