बोंड वरून हिरवेच दिसते

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही. कापूस पिकवणाऱ्याच्या काळजावर बोलणार आहे.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्याला काय शिकवले? बोंड वरून हिरवेगार, आत सरकी पोखरलेली. म्हणून आता आपण कामगंध सापळे लावतो, बोंडे फोडून पाहतो. रक्तदाबाचेही तसेच आहे. दुखत नाही, खुपत नाही. माणूस औत हाकतो, कडब्याच्या पेंढ्या उचलतो. आत हृदय आणि मूत्रपिंड झिजत असतात.

माझे चुलते म्हणायचे, "मला काय धाड भरलीय?" छातीत कळ आली तर 'पित्त झालं' म्हणून सोडा पिऊन पडून राहिले. ज्वारीची रास घरात आली, माणूस राहिला नाही. त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा आयुष्यात एकदाही बांधला गेला नव्हता.

जुलै २०१२ मध्ये जीवनदायी योजना पहिल्या ८ जिल्ह्यांत आली, त्यात नांदेड होते. लातूर पुढच्या वर्षी आले. पुढे १४ जिल्ह्यांतल्या शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतले. त्यात आपले दोन्ही जिल्हे आहेत. आज तीच योजना महात्मा फुले यांच्या नावाने चालते. ती हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलते, हे चांगलेच. पण ती उपयोगी पडते झटका आल्यावर. तहान लागल्यावर विहीर खणायची कशाला?

वयाच्या तिशीपुढे प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणे हा सरकारचाच कार्यक्रम आहे. आशाताई फॉर्म भरायला आल्या तर त्यांना माघारी धाडू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषध मोफत आहे. गोळ्या संपल्या म्हणाले, तर चौघांनी मिळून जाऊन मागा.

तपासणीआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा. दोनदा मोजून घ्या. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्यावर आकडा आला, तर डॉक्टरांना गाठा. गोळी सुरू झाल्यावर आकडा उतरला म्हणून ती सोडू नका. तो गोळीनेच उतरलेला असतो. तंबाखू सोडा, ठेच्या-लोणच्यातले मीठ आवरा. आणि काही तक्रार नसताना महागड्या तपासण्यांच्या पाटीला भुलू नका. ईसीजी चांगला निघाला म्हणजे पुढचा झटका टळला, असे नसते.

मायबहिणींनो, तुम्ही धन्याला दवाखान्यात नेता आणि स्वतः दारात थांबता. आत जा. पट्टा तुमच्याही दंडाला बांधून घ्या.

छातीत दाब, हाताला किंवा जबड्याला कळ, घाम, धाप असे काही झाले, तर पित्त समजू नका. लगेच १०८ ला फोन करा.

सातबाऱ्यावरचा बोजा आपल्याला तोंडपाठ असतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाला आपल्या रक्तदाबाचा आकडाही तोंडपाठ हवा. मी हात वर करायला सांगणार आहे.