हाताचा अंदाज आणि मिलीचं माप

वांद्र्यातल्या चांगल्या कॉफीच्या दुकानात थंड कॉफी कुणीही बनवो, चव तीच लागते. कारण कॉफीची पूड ग्रॅममध्ये तोलतात, पाक छोट्या मापाने ओततात आणि बर्फही मापूनच घालतात. बर्फ वितळला की त्याचं पाणीच होतं, म्हणून तोही मापात हवा. थंड पाण्यात साखर लवकर विरघळत नाही, म्हणून पाक वापरतात.

बचत गटांचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन वांद्र्यात भरलं होतं. अशा स्टॉलवर सकाळी एक ताई, संध्याकाळी दुसरी. एक लिटर कोकम सिरपमधून पेल्याला 40 मिली घातलं तर 25 पेले होतात. हात सैल सुटून 50 मिली पडलं तर 20च! पाच पेल्यांचे पैसे गेले, शिवाय चवही बदलली.

म्हणून मिलीच्या खुणा असलेलं छोटं माप आणा. बर्फासाठी एकच वाटी ठरवा. आधी घरी एक पेला करा, बर्फ थोडा वितळू द्या, मग चाखा आणि प्रमाण पक्कं करा. ते मोठ्या अक्षरात लिहून स्टॉलवर लावा.

चव हाताला असते, खरं आहे. पण गिऱ्हाईक उद्या आलं, तेव्हा स्टॉलवर दुसरीचा हात असतो.