जायचे की राहायचे?

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील न्यू ऑर्लिन्स शहरात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. या दिवसांत तेथील रहिवाशांच्या बोलण्यात एकच प्रश्न असतो : जायचे की राहायचे? मोटार आणि शिल्लक असणाऱ्याला तो हवामानाचा प्रश्न वाटतो, इतरांना पैशाचा. २८ ऑगस्ट २००५ रोजी महापौरांनी शहर सोडण्याचा सक्तीचा हुकूम काढला. स्वतःचे वाहन नसलेले सुमारे लाखभर लोक जाणार कसे? त्यातून महिनाअखेर.

दुसऱ्या दिवशी कॅटरिना आले. लष्कराच्या अभियंता दलाने बांधलेल्या कालव्यांच्या पूररोधक भिंती कोसळल्या आणि शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. याला निव्वळ नैसर्गिक आपत्ती म्हणणे सोयीचे आहे. कोणाच्या सोयीचे, हे येथे सांगावयास नको.

पुढे डिसेंबर २००७ मध्ये नगरपरिषदेने गरिबांसाठीची सुमारे ४,५०० सरकारी भाड्याची घरे पाडण्यास एकमताने मंजुरी दिली. त्यांतील कित्येक इमारती पक्क्या विटांच्या, दुरुस्त होण्याजोग्या होत्या. त्या दिवशी सभागृहात शिरू पाहणाऱ्या निदर्शकांवर पोलिसांनी मिरपुडीचे फवारे मारले.